भुकेल्यांचा सेनापती : जनरल विल्यम बूथ

अन्नदानाची महती आपल्या इंदूरकरांना कोणी नव्याने सांगावयास नको. देवी अहिल्याबाईंनी ठिकठिकाणच्या तीर्थक्षेत्री घातलेली अन्नछत्रे आणि सदावर्ते यांच्या कथा ऐकतच आपण लहानाचे मोठे झालो. पण त्या अन्नछत्रात येणारा माणूस कोण होता? तो यात्रेकरू होता, साधू होता, वाटसरू होता. त्याला कोठून तरी निघून कोठे तरी जावयाचे होते. वाटेत त्याला घास घालणे हा धर्म होता, आणि तो घास घेण्यात त्यालाही कमीपणा वाटत नसे.

यंत्रयुगाने एक निराळाच भुकेला माणूस निर्माण केला. त्याला कोठेच जावयाचे नसते. तो शहरातच असतो, परंतु शहरात त्याला घर नसते. दिवसा तो कामाच्या शोधात हिंडतो आणि रात्री पुलाच्या कमानीखाली अंग टाकतो. लोक त्याला वाटसरू म्हणत नाहीत, भणंग म्हणतात. त्याला जेवू घालणे हे पुण्य आहे की आळसाला दिलेले उत्तेजन, असा वाद त्याच्या ताटावर घास पडण्यापूर्वीच सुरू होतो. एकोणिसाव्या शतकातील लंडन हे अशा माणसांचे जगातील सर्वांत मोठे आगर होते. त्यांच्यासाठी ज्याने भटारखाना उघडला, आणि त्या भटारखान्यात धर्मसेवकांना हातात पळी देऊन उभे केले, त्या विल्यम बूथचे चरित्र आजही वाचण्यासारखे आहे. त्याची मुक्तिफौज आपल्याकडे पुष्कळांनी पाहिली आहे. तिचा बँड, तिची निशाणे, तिचे गणवेश यांचे कुतूहलही पुष्कळांना असते. परंतु त्या बँडमागे चुलीवर ठेवलेला सूपाचा हंडा कसा आला, ही हकिकत फारशी सांगितली जात नाही. ती अशी आहे.

गहाणवटीच्या दुकानातील पोर

विल्यमचा जन्म १० एप्रिल १८२९ रोजी इंग्लंडातील नॉटिंगहॅम शहरालगतच्या स्नेन्टन येथे झाला. बाप सॅम्युएल बूथ याने बांधकामाच्या धंद्यात पैसा मिळवला होता, पण धंदा बसला आणि कुटुंबाची घसरगुंडी सुरू झाली. शाळेचा खर्च झेपेना म्हणून १८४२ साली, तेरा वर्षांच्या विल्यमला गहाणवटीच्या दुकानात उमेदवार म्हणून ठेवण्यात आले. त्यानंतर थोड्याच काळात बापही वारला. आई सुईदोऱ्याचे लहानसे दुकान चालवून पोरांचे पोट भरू लागली.

नॉटिंगहॅम हे मोजे विणणाऱ्या मागवाल्यांचे आणि लेस बनविणाऱ्यांचे गाव. त्या दशकाला इंग्रजी इतिहासकार भुकेचे दशक म्हणतात. धान्य महाग, मजुरी तुटपुंजी आणि काम आज आहे तर उद्या नाही. अशा गावात गहाणवटीच्या दुकानाच्या फळीमागे उभ्या राहिलेल्या पोराला जे दिसते ते कोणत्याही पाठशाळेत शिकावयास मिळत नाही. सोमवारी बाई रविवारचे कपडे घेऊन येते आणि शनिवारी मजुरी मिळाली की सोडवून नेते. पुढे कपडे सुटत नाहीत, मग पांघरूण येते, मग नवऱ्याची हत्यारे येतात, आणि शेवटी लग्नातली अंगठी. दारिद्र्य माणसाच्या घरात एकदम शिरत नाही. ते एकेक वस्तू बाहेर काढीत पायरीपायरीने येते. विल्यमने हा धंदा सहा वर्षे केला. त्याला या धंद्याची मनस्वी घृणा होती, पण त्यात मिळालेले ज्ञान त्याला जन्मभर पुरले.

पंधराव्या वर्षी, १८४४ साली, मेथॉडिस्ट पंथाच्या प्रार्थनामंदिरात त्याची धर्मवृत्ती जागी झाली. दिवसभर दुकानात राबावे आणि रात्री गल्लीबोळांतून खुर्चीवर उभे राहून उपदेश करावा, असा त्याचा क्रम सुरू झाला. एके रविवारी त्याने गलिच्छ वस्तीतील फाटक्या, मळक्या पोरांचा एक जथा गोळा केला आणि त्यांना घेऊन तो थेट प्रार्थनामंदिराच्या दर्शनी दारातून आत शिरला. प्रतिष्ठितांच्या गाद्यांच्या बाकांवर त्याने त्यांना बसविले. मंदिराच्या चालकांनी उपासना संपल्यावर त्याला समज दिली. असल्या लोकांना आणावयाचे तर मागच्या दाराने आणावे आणि पाठ नसलेल्या बाकांवर, कोणाच्या नजरेस पडणार नाहीत असे बसवावे, असे त्याला सांगण्यात आले. आपल्याकडे देवळाच्या पायरीशी थांबविलेल्यांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या प्रसंगाचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. विल्यम त्या वेळी गप्प राहिला. परंतु मागचे दार आणि पुढचे दार हा भेद त्याच्या मनातून पुढे कधीच गेला नाही.

पंथ सोडला, रस्ता धरला

उमेदवारी संपल्यावर वर्षभर बेकारी भोगून १८४९ साली तो लंडनला आला, आणि पोटासाठी पुन्हा गहाणवटीच्याच दुकानात लागला. पुढे बुटांचा व्यापार करणाऱ्या एका सधन धर्मबंधूने त्याला दर आठवड्यास एक पौंड याप्रमाणे तीन महिन्यांचा आधार दिला. तेव्हा १८५२ साली त्याने दुकान कायमचे सोडले. त्याच सुमारास कॅथरीन ममफर्ड या तरुणीशी त्याची ओळख झाली आणि १६ जून १८५५ रोजी त्यांचा विवाह झाला. प्रकृतीने नाजूक पण बुद्धीने प्रखर अशी ही स्त्री. स्त्रियांनी व्यासपीठावरून धर्मोपदेश करणे ज्या काळी अशिष्ट मानले जाई, त्या काळी १८६० साली ती स्वतः बोलावयास उभी राहिली आणि लवकरच पतीपेक्षाही प्रभावी वक्ती म्हणून गाजली. मुक्तिफौजेत स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने अधिकार मिळाले, त्याचे श्रेय तिचे आहे.

बूथ यांना १८५८ साली पाद्रीपदाची दीक्षा मिळाली, पण एका ठरावीक विभागात राहून ठरावीक बायबलपाठ सांगणे त्यांच्या स्वभावात नव्हते. गावोगाव हिंडून उपदेश करण्याची परवानगी पंथाने नाकारली, तेव्हा १८६१ साली त्यांनी राजीनामा दिला. पदरी लहान मुले आणि उद्याच्या मिळकतीचा भरवसा नाही, अशा अवस्थेत हे दांपत्य चार वर्षे हिंडत राहिले.

मग १८६५ सालच्या उन्हाळ्यात पूर्व लंडनच्या व्हाइटचॅपल भागात, आंधळ्या भिकाऱ्याच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या एका दारूच्या गुत्त्याबाहेर बूथ उपदेशाला उभे राहिले. त्या वेळी त्यांचे वय छत्तीस होते. क्वेकर पंथाच्या एका जुन्या दफनभूमीत तंबू ठोकून त्यांनी कार्याला आरंभ केला. इतर उपदेशक लोकांना देवळात बोलावीत. बूथ देव घेऊन गुत्त्याच्या दारात गेले. या कार्याला पुढे ख्रिश्चन मिशन असे नाव पडले, आणि १८७८ साली त्याचे रूपांतर मुक्तिफौजेत झाले. उपदेशक कॅप्टन झाले, अनुयायी शिपाई झाले आणि बूथ जनरल झाले. गणवेश, निशाण आणि बँड आला. सभ्य लोक हसले. गुत्तेवाल्यांना मात्र हसू आले नाही, कारण त्यांचे गिऱ्हाईक तुटत होते. अनेक गावांत गुंडांच्या टोळ्यांनी फौजेच्या मिरवणुकांवर दगड, चिखल आणि सडकी अंडी यांचा मारा केला. एकट्या १८८२ साली फौजेच्या साडेसहाशेहून अधिक स्त्री-पुरुषांवर हल्ले झाले.

पहिला प्रयत्न आणि त्याचे अपयश

आपल्याकडे पोटोबा आणि विठोबा यांची म्हण आहे. बूथ यांना ती ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण त्या म्हणीतील पेच त्यांच्यापुढे आरंभापासून उभा होता. भुकेल्या माणसाला उपदेश ऐकू येत नाही, हे त्यांना व्हाइटचॅपलच्या पहिल्या हिवाळ्यातच दिसले. एका नाताळच्या दिवशी त्या वस्तीतले दैन्य आणि दारूबाजी पाहून ते इतके खिन्न होऊन घरी आले की, मुलांच्या आनंदात त्यांना भाग घेता येईना. पुढच्या नाताळात बूथ यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात पुडिंगे शिजली आणि गरिबांच्या घरी पोचविली गेली.

१८७० नंतर त्यांनी स्वस्त खाणावळीही काढल्या. लाखोंसाठी अन्न अशा अर्थाची त्यांची पाटी होती. तेथे रात्रंदिवस गरम सूप मिळे आणि सहा पेन्यांत पुरते जेवण होई. थोरला मुलगा ब्रॅमवेल, त्या वेळी अगदी पोरसवदा, या खाणावळींच्या व्यवहारात राबत होता. पण तो व्यवहार जड जाऊ लागला, आणि १८७४ साली ही दुकाने बंद करण्यात आली.

या अपयशाचा बूथ यांच्या मनावर खोल परिणाम झाला असावा. पुढे जवळजवळ चौदा वर्षे त्यांनी आपली शक्ती मुख्यतः धर्मप्रचाराकडे लावली. माणूस आतून सुधारला की त्याचे दारिद्र्य आपोआप सुटेल, अशी त्यांची धारणा होती. दारू सोडलेला मजूर बायकोच्या हाती पगार देतो, घरात भाकरी येते, हे त्यांनी शेकडो घरांत पाहिले होते. ती धारणा खोटी नव्हती, पण अपुरी होती. ज्याला घरच नाही, ज्याच्याजवळ सोडण्यासारखी दारूही नाही, त्याचे काय, या प्रश्नाचे उत्तर तिच्यात नव्हते.

पुलावरची रात्र

१८८७ सालच्या डिसेंबरात केंट परगण्यातील एका गावचा कार्यक्रम आटोपून बूथ रात्री उशिरा लंडनला परतले. थंडी कडाक्याची होती. लंडन ब्रिज ओलांडताना पुलाच्या कोनाड्यांतून वर्तमानपत्राचे कागद पांघरून माणसे निजलेली त्यांनी पाहिली. त्यांना रात्रभर झोप आली नाही. सकाळी ब्रॅमवेल आला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न हाच केला की, पुलावर माणसे निजतात हे तुला ठाऊक होते का? ब्रॅमवेलने होय म्हटले. ठाऊक असून तू काहीच केले नाहीस, याबद्दल बापाने मुलाची कानउघाडणी केली. फौजेला सगळीच कामे कशी करता येतील, वगैरे युक्तिवाद मुलाने केले. ते बापाने ऐकून घेतले नाहीत. एखादे गुदाम भाड्याने घे, ते ऊबदार कर, अंगावर घालावयास काही तरी पाहा आणि कामाला लाग, असा हुकूम झाला. मात्र कोणाचे फाजील लाड करू नकोस, अशी पुस्तीही त्याला जोडलेली होती.

१८८८ सालच्या आरंभी गोदीभागातील लाइमहाउस येथे, वेस्ट इंडिया डॉक रोडवर, फौजेचे पहिले अन्नकेंद्र आणि निवारा उघडला. जागा मोठ्या विचाराने निवडली होती. गोदीत रोजच्या रोज सकाळी दारावर मजुरांची भरती होई. शेकडो माणसे उभी राहत आणि त्यांतली थोडी आत घेतली जात. उरलेले रिकाम्या पोटी परत फिरत. त्यांच्यासाठी सरकारी सोय म्हणजे वर्कहाउसचा फिरस्त्यांचा विभाग. तेथे रात्री आसरा मिळे, पण त्याच्या मोबदल्यात दुसऱ्या दिवशी दगड फोडावे लागत किंवा जुने दोर पिंजावे लागत. ते काम संपेतो गोदीची भरती होऊन गेलेली असे. म्हणजे एका रात्रीच्या आसऱ्यापायी माणूस दुसऱ्या दिवसाच्या मजुरीला मुके. गरिबाला शिक्षा करून त्याचे गरीबपण घालविण्याची ही रीत बूथ यांना वेडेपणाची वाटली.

अर्ध्या पेनीचे सूप

लाइमहाउसच्या केंद्रात अन्न फुकट नव्हते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मोठ्या माणसाला वाडगाभर सूप अर्ध्या पेनीत मिळे; पावासह घेतल्यास एक पेनी पडे. लहान मुलाला तेच सूप पाव पेनीत. अर्ध्या पेनीला बटाटे, अर्ध्या पेनीला भात, तीन पेन्यांना मांसाचे पुडिंग आणि बटाटे. त्या काळी पेनी ही साधारणतः आपल्या एका आण्याच्या बरोबरीची. तेव्हा अर्धी पेनी म्हणजे जुन्या हिशेबाने दोन पैसे. रात्रीच्या मुक्कामाला चार पेन्या पडत, आणि तेवढ्यात रात्री चहा किंवा कोको व पाव, समुद्रशैवाल भरलेल्या गादीवर झोप, अंगावर कातड्याचे पांघरूण, धुण्या-अंघोळीची सोय आणि सकाळची न्याहारी एवढे सगळे मिळे.

ज्याच्याजवळ अर्धी पेनीही नाही, त्याला परत लावीत का? नाही. त्याच्याकडून काही तरी काम करून घेत. पुढे यासाठीच फौजेने कारखाने काढले. लाकूड फोडावे, चटया कराव्या, सुतारकाम करावे आणि जेवावे. दोन पैशांनी फौजेचा खर्च भरून निघत नव्हता, हे उघड आहे. तूट देणग्यांतून निघे. मग ते दोन पैसे घ्यावयाचे कशाला? येथे गहाणवटीच्या दुकानातील पोराचे शिक्षण उपयोगी पडले. लाचारीने हात पसरणे आणि फळीवर नाणे ठेवून वाडगा उचलणे, यांत काय अंतर आहे, हे त्या पोराने फळीच्या पलीकडून पाहिले होते. नाणे टाकणारा माणूस गिऱ्हाईक असतो. त्याला सूप पातळ आहे अशी तक्रार करता येते. फुकट खाणाऱ्याला ती करता येत नाही. बूथ यांनी त्या बेघर माणसाला तक्रार करण्याचा हक्क विकत दिला, आणि तोही अवघ्या दोन पैशांत.

वाढपी कोण होते, हेही पाहण्यासारखे आहे. मोठ्या घरच्या बायका-पुरुषांनी वर्षातून एकदा येऊन गरिबांना वाढावे आणि समाधानाने परत जावे, हा प्रकार लंडनला नवा नव्हता. फौजेच्या केंद्रातील पळी बहुधा अशा माणसाच्या हातात असे की, ज्याला काही वर्षांपूर्वी स्वतःलाच त्या रांगेत उभे राहावे लागले असते. पुढे या सामाजिक शाखेची धुरा एलायजा कॅडमन याच्याकडे आली. हा बालपणी धुराडी साफ करणारा पोर होता. तरुणपणी मुष्टियुद्ध करणारा दारूबाज होता. फौजेत येईपर्यंत त्याचा अक्षरांशीही फारसा संबंध नव्हता. फौजेच्या तरुण मुली गलिच्छ वस्त्यांत दोघी-दोघींनी खोली घेऊन राहत, शेजाऱ्यांची आजारपणे काढीत, बाळंतिणींची न्हाणीधुणी करीत, घरे सारवून देत. अशा सेवेकऱ्यांना उपकाराचा तोरा मिरवावयास सवड नव्हती.

कामाचा व्याप किती झपाट्याने वाढला, हे फौजेने प्रसिद्ध केलेल्या हिशेबावरून दिसते. १८८९ या एका वर्षात लंडनमधील केंद्रांतून १,१६,४०० गॅलन सूप खपले. पाव १९२ टनांवर गेला, बटाटे १४० टन. त्याच वर्षी गोदी-कामगारांचा प्रसिद्ध संप झाला. तासाला सहा पेन्या मजुरी मिळावी, ही संपाची मुख्य मागणी. संपकऱ्यांच्या उपाशी दिवसांत फौजेची अन्नकेंद्रे त्यांच्या उपयोगी पडली. बेघर स्त्रियांसाठी व्हाइटचॅपलमध्येच हॅनबरी स्ट्रीटवर निवारा निघाला.

घोड्याइतका तरी न्याय

१८९० हे वर्ष बूथ यांच्या आयुष्यातील सर्वांत दुःखाचे आणि सर्वांत कीर्तीचे वर्ष. कॅथरीनला कर्करोग झाला होता. तिच्या रोगशय्येशेजारी बसून बूथ आपल्या मोठ्या ग्रंथाचे काम करीत होते. प्रसिद्ध पत्रकार डब्ल्यू. टी. स्टेड यांनी त्याला आकार देण्यात मोठे साह्य केले. ४ ऑक्टोबर १८९० रोजी कॅथरीन गेली, आणि त्याच महिन्यात तिच्या स्मृतीस अर्पण केलेला तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. अंधाऱ्या इंग्लंडमधून बाहेर पडण्याची वाट, अशा अर्थाचे त्याचे नाव होते. स्टॅन्ली या प्रवाशाचे आफ्रिकेच्या अंधाऱ्या अरण्यांवरील पुस्तक त्या वर्षी घरोघर वाचले जात होते. तेच अरण्य आपल्या दाराशी आहे, असे बूथ यांनी आपल्या देशबांधवांना सांगितले.

या ग्रंथातील भाड्याच्या घोड्याचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. लंडनच्या रस्त्यात भाड्याच्या गाडीचा घोडा कोसळला, तर तो कसा पडला, कोणाच्या चुकीने पडला, याची चौकशी करीत कोणी उभे राहत नाही. आधी त्याला उठवितात. आणि जोवर तो घोडा जिवंत आहे तोवर त्याला चारा, तबेला आणि काम मिळते. बूथ यांचे मागणे एवढेच होते की, इंग्लंडातील बुडालेल्या माणसांना, म्हणजे त्यांच्या हिशेबाने लोकसंख्येच्या दहाव्या हिश्श्याला, निदान या घोड्याइतका तरी न्याय मिळावा. त्यासाठी त्यांनी तीन पायऱ्यांची योजना मांडली. शहरात अन्न, निवारा आणि कामाची वसाहत. तेथून शेतीची वसाहत. आणि तेथून समुद्रापलीकडील नव्या प्रदेशातील वसाहत. आरंभाला एक लाख पौंड हवेत, असे त्यांनी जाहीर केले. काही महिन्यांतच एक लाख आठ हजार जमले.

टीकाही कडाडून झाली. टॉमस हक्स्ले या थोर शास्त्रज्ञाने टाइम्स पत्रातून पत्रांमागून पत्रे लिहिली. एका माणसाच्या हुकमतीखाली चालणाऱ्या धर्मवेड्या फौजेच्या हाती एवढा पैसा आणि एवढी सत्ता देणे समाजाला घातक आहे, असा त्याचा आक्षेप होता. पैशाच्या विनियोगाबद्दल संशय व्यक्त झाले, तेव्हा फौजेबाहेरच्या प्रतिष्ठित गृहस्थांची समिती नेमली गेली, आणि १८९२ साली तिने हिशेब चोख असल्याचा निर्वाळा दिला. हुकमतीबद्दलचा आक्षेप मात्र निराधार म्हणता येत नाही. बूथ हे जनरल होते आणि घरातही जनरलच राहिले. त्यांच्या आज्ञेखाली राहणे पोटच्या मुलांनाही अशक्य झाले. बॅलिंग्टन १८९६ साली बाहेर पडला. हर्बर्ट आणि कन्या कॅथरीन १९०२ साली गेली. ज्या बापाला पुलावरच्या अनोळखी माणसासाठी झोप आली नाही, त्याला मुलांशी जमवून घेता आले नाही.

दुसरा आक्षेप आपल्या वाचकांच्या मनात सहज येईल. जेवण हे धर्मांतराचे आमिष होते का? बूथ यांना माणसे ख्रिस्ताकडे वळवावयाची होती, हे त्यांनी कधी लपविले नाही. निवाऱ्यात रोज रात्री प्रार्थना आणि भजन होई. परंतु त्यास बसण्याची सक्ती नव्हती, आणि चार पेन्या देणाऱ्याला त्याचा धर्म विचारला जात नसे. कॅथलिक, ज्यू, नास्तिक, सर्वांना एकाच हंड्यातले सूप मिळे. मागच्या दाराने या, असे तेथे कोणाला सांगण्यात येत नव्हते.

भारताशी संबंध

फौज आपल्या देशात आली ती १९ सप्टेंबर १८८२ रोजी, मुंबई बंदरात. आयसीएसची नोकरी सोडून आलेले फ्रेडरिक टकर हे तिचे प्रमुख, आणि सारी मिळून माणसे चार. फौज येणार म्हणून सज्ज राहिलेल्या पोलिसांनी बाकीचे सैन्य कोठे आहे असे विचारले, अशी आठवण सांगितली जाते. रस्त्यात वाजतगाजत मिरवणूक काढल्याबद्दल त्यांना अटका झाल्या आणि टकर यांना तुरुंगवास घडला. त्या वेळी त्यांच्या बाजूने आवाज उठविणाऱ्यांत ब्राह्मसमाजाचे केशवचंद्र सेन होते. टकर यांनी फकीरसिंग हे नाव घेतले, अंगावर देशी वस्त्रे घातली, अनवाणी चालू लागले आणि हातात भिक्षापात्र घेतले. म्हणजे लंडनमध्ये जी फौज भुकेल्यांना वाढीत होती, ती येथे आरंभी गरिबांच्या दारात वाढून घेत होती. पुढे १८८८ साली बूथ यांची कन्या एमा हिच्याशी त्यांचा विवाह झाला. जनरल बूथ स्वतः १८९१-९२ आणि पुन्हा १८९५-९६ च्या हिवाळ्यात भारतात येऊन गेले. आजच्या अहिल्यानगरात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरात, फौजेचे जे रुग्णालय आहे, त्याला त्यांच्या दुसऱ्या कन्येचे, इव्हँजेलिन बूथ यांचे नाव आहे.

अखेर

उतारवयात जगाने बूथ यांचा मोठा गौरव केला. ज्यांच्या अंगावर पूर्वी चिखल फेकला गेला, त्यांना १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाचे आमंत्रण आले. १९०५ साली लंडन नगरीने त्यांना सन्माननीय नागरिकत्व दिले, १९०७ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाने पदवी दिली. ते स्वतः शाकाहारी होते आणि त्यांचे जेवण अगदी साधे असे. पंचाहत्तरी गाठल्यावरही ते मोटारीने देशभर दौरे काढीत. मग दृष्टी गेली. ९ मे १९१२ रोजी लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये त्यांनी शेवटचे भाषण केले आणि २० ऑगस्ट १९१२ रोजी देह ठेवला. क्लॅप्टन येथील सभागृहात ठेवलेल्या त्यांच्या देहाचे दर्शन सुमारे दीड लाख लोकांनी घेतले. ॲबनी पार्कच्या दफनभूमीत, कॅथरीनशेजारी, त्यांना पुरण्यात आले.

त्यांच्या भव्य योजनेचे पुढे काय झाले? एसेक्समधील हॅडली येथे १८९१ साली शेतीची वसाहत निघाली. त्याच वर्षी लंडनच्या ओल्ड फोर्ड भागात आगकाड्यांचा कारखाना निघाला. पांढऱ्या फॉस्फरसने कामगारांचे जबडे सडत असत. या कारखान्यात तो वापरावयाचा नाही आणि मजुरीही बाहेरच्यापेक्षा जास्त द्यावयाची, असा नियम होता. दहाएक वर्षांत तो कारखाना थांबला, पण तोवर मोठ्या कारखानदारांनाही आपली रीत बदलावी लागली होती. समुद्रापलीकडची वसाहत तर बूथ यांनी रेखाटली होती तशी कधीच उभी राहिली नाही. ब्रिटनमध्ये १९४८ साली कल्याणकारी राज्याने जुना दरिद्री-कायदा मोडीत काढला, आणि भुकेल्याची जबाबदारी सरकारने पत्करली.

एवढे होऊनही टिकला तो सूपाचा हंडाच. १८९१ साली सॅन फ्रान्सिस्कोत जोसेफ मॅकफी या फौजेच्या कॅप्टनने गरिबांच्या नाताळच्या जेवणासाठी रस्त्यात तिकाटण्याला एक पातेले टांगले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्यात नाणी टाकण्यास सांगितले. ते पातेले आजही दर नाताळात अमेरिकेतील गावोगावी दिसते. आज मुक्तिफौज १३० हून अधिक देशांत आहे. फौजेबाहेरही अनेक पंथांच्या चर्चमधील स्वयंसेवक रात्रीच्या वेळी बेघरांसाठी टेबले मांडतात, हंडे उतरवितात आणि वाडगे भरतात. त्यांतील कित्येकांना बूथ यांचे नावही ठाऊक नसेल.

बूथ यांचा पंथ आपला नव्हे, त्यांची लष्करी शिस्त आपल्या प्रकृतीला मानवणारी नव्हे, आणि त्यांच्या मोठ्या योजनांपैकी पुष्कळशा कागदावरच राहिल्या. परंतु अन्नदान करणाऱ्या कोणालाही त्यांच्याकडून एक गोष्ट शिकता येईल. भुकेल्याच्या पुढे पान मांडणे सोपे आहे. ते पान त्याने मान खाली न घालता जेवावे, अशी व्यवस्था करणे कठीण आहे. बूथ यांनी ती दोन पैसे किंमत ठेवून केली. आपल्याकडे पंगतीला बसलेल्याला पाहुणा मानून ती होत आली आहे. आपल्या गावात आज जो पुलाखाली निजतो, त्याला ती पंगत पुढच्या दाराने मिळते की मागच्या, एवढे ज्याचे त्याने पाहावे.